बसून बघ

रुपेश, आधी दोर जमिनीवर पसर. सगळा.
पाच मीटर. केशरी, मधून एक काळा धागा.
बोटांच्या पोटांनी तपास, डोळ्यांनी नको;
डोळे गेटावरच्या चहावाल्याकडं जातात.
कुठं मऊ लागला, कुठं केस सुटलेत,
कुठं आतून पोकळ वाटला, तिथं थांब.
करवतीचा चावा दोर आपण होऊन सांगत नाही.
विचारावं लागतं.

एक टोक शिवलेलं, ते डाव्या कमरेच्या कडीत.
कॅराबिनर मिटला की टिक् वाजतो.
मी त्या टिक् वर विश्वास ठेवत नाही.
दाबून बघतो, पिळून बघतो,
बायको कुलूप लावल्यावर दोनदा ओढते तसा.

आता ही बारकी दोरी. थोरल्याची चुलत बहीण समज.
वरून चार वेढे, खालून एक,
आणि कुणी कुणाच्या अंगावर चढलेलं नको.
खाली लिंबाएवढी पुली.
शेपूट ओढलंस की पुली गाठीला ढकलते, दोर आखडतो.
अंग टाकलंस की गाठ आवळते.
सैल करायचा तर आधी पायांवर ये, भार काढ,
मग गाठीच्या माथ्यावर दोन बोटं.
भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये,
तसा भरल्या गाठीला हात लावू नये.

शेपटाच्या टोकाला अजून एक गाठ. बुटकी, बिनकामाची.
दहा वर्षांत तिनं काही केलेलं नाही.
ती सोडायची नाही.

माझ्या बाकडं यातलं काही नव्हतं.
केळव्याला ताडावर चढायचा,
पायांत काथ्याचा फास, कमरेला मडकं, मापाला मिठी.
ताड तळापासून शेंड्यापर्यंत जवळपास एका मापाचा,
म्हणून बाचा फास कधी लहानमोठा झाला नाही.
घरातही तसंच. आईशी बोलायला आणि बैलाशी बोलायला
त्याच्याकडं एकच आवाज.
मी करावे गावात भाड्यानं राहायला आलो
तेव्हा तो फास त्यानं मला दिला होता.
खिळ्याला टांगलाय. इथल्या कुठल्याच झाडाला बसला नाही.

हा पर्जन्यवृक्ष बघ. लावला तेव्हा म्हणे
शाळेतल्या पोराच्या मनगटाएवढा होता.
आता दोघांच्या कवेत जेमतेम मावतो,
वर पंधरा फुटांवर फाटा, फाट्याला फाटा,
आणि दर फांदीची कंबर वेगळी.
हातभर चढलास की दोर आवर,
वळसा घालायचा तर सोड, पुन्हा आवर.
पिठ्या ढेकणानं रस्त्याकडची बाजू वाळवलीय.
तिथं दोर टाकू नकोस,
साल कांद्यासारखी सुटून हातात येते.
आणि करवत सुरू असताना हा दोर कुठं आहे
हे तुला झोपेतही माहीत पाहिजे.

दुसऱ्या मजल्यावरून सबनीसबाई:
"अहो, सगळ्यांनी गाड्या हलवल्यात. सुरू कधी करणार?"
सुरू आहे बाई.
"आणि ती एसीला घासते ती पण घ्या!"
ती हिरवी आहे बाई. परवानगीच्या कागदात नाही.

चल. दोर खोडामागून घाल, उजव्या कडीत अडकव.
दाबून बघ. पिळून बघ.
आता पाय बुंध्याला, जमिनीपासून दोन फूट, आणि मागं बस.
खुर्चीवर बसतात तसा नाही,
पाहुण्यांच्या पलंगावर बसतो तसा, हळू.
हात सोड.

दोन्ही.

गाठ थोडी कुरकुरली, ऐकलंस? आता गप्प झाली.
खाडीकडून वारा येतोय, मुंगळे तुझ्या बाहीवर चढतायत.
चढू देत.
तुझे पाय अजून जमीन शोधतायत, मला दिसतंय.
माझे तर आठवडाभर शोधत होते.
झाडायला आलेल्या बाईनं विचारलं होतं,
दादा, तुम्हाला खाली उतरवू का?

मान मोकळी सोड. वर बघ.
आता शेपूट एक वीत ओढ.